टीव्ही कोणी लावला होता?

३ नोव्हेंबर, सोमवार

शाळा सुरू झाली. सहावीच्या मुलांनी दिवाळीत भूगोलाची वही उघडलेली नाही. मीही ही वही बारा दिवसांनी उघडतेय, त्यामुळे ओरडायला तोंड नाही.

टीव्ही अजून खोक्यातच आहे. पंचावन्न इंची. अनिरुद्ध आणि त्याच्या भावाने मिळून आईसाठी पाडव्याला घेतला. कंपनीचा माणूस लावायला येणार १८ तारखेला, आणि सासूबाईंची पंच्याहत्तरी १६ ला. पंचवीस माणसं जेवायला, आणि त्यांचे लहानपणापासूनचे फोटो मोठ्या पडद्यावर दाखवायचे ठरलेत.

अनिला म्हटलं, मी लावते. तो चेन्नईला जायची बॅग भरत होता. म्हणाला, "वैजू, प्लीज. वॉशिंग मशीनचा पाइप आठव."

तो पाइप मी बसवला होता. खालच्यांच्या छतावर डाग अजून आहे. लिफ्टमध्ये भेटले की ते वर बघतात.

"हात लावू नकोस. १८ म्हणजे १८. फोटो लॅपटॉपवर दाखवू," म्हणाला आणि गेला. १५ ला परत येणार.

५ नोव्हेंबर, बुधवार

तीन प्रकारचे ब्रॅकेट असतात. एक भिंतीला चिकटून बसणारा. दिसायला छान, पण मागे बोटही जात नाही. दुसरा थोडा खाली झुकणारा. तिसरा हाताचा, म्हणजे घडीची लोखंडी भुजा, टीव्ही पुढे ओढायचा आणि हवा तिकडे वळवायचा. सासूबाईंची खुर्ची खिडकीपाशी, कोपऱ्यात. मान वाकडी करून बघतात. त्यांना हाताचाच हवा.

बाबांना विचारलं. विचारलं म्हणजे, ते पेपर वाचत होते आणि मी मोठ्याने बोलत होते.

बाबा दसऱ्यापासून आमच्याकडे आहेत. नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे, लिफ्ट नाही. जिन्यात एकदा तोल गेला, तेव्हा मीच घेऊन आले. उजवा हात थरथरतो. कायमचं इथे आमच्याकडे, मांजरी गावात राहायचं का, यावर कुणीच स्पष्ट बोललेलं नाही. ते बोलत नाहीत, अनि बोलत नाही, मी विषय काढत नाही.

बाबा उठून भिंतीपाशी गेले. बोटांच्या पेरांनी तीन-चार ठिकाणी वाजवून पाहिलं. म्हणाले, "ही विटेची नाही. ब्लॉकची आहे. आतून खारी बिस्किट. हिला हाताचा नको. टीव्ही पुढे ओढलास की सगळा भार वरच्या दोन स्क्रूंवर."

मग डावीकडे सरकत सरकत वाजवत गेले. खिडकीच्या अलीकडे आवाज बदलला. "इथे कॉलम आहे. सिमेंटचा. हाताचाच हवा असेल तर इथे लाव. भुजा आहेच, टीव्ही ओढून मधे आणता येईल."

पण प्लगचा बोर्ड भिंतीच्या मधोमध आहे. कॉलमवर लावला तर वायरी तिरक्या येणार. मला त्या दिसायलाच नकोत. पांढरी पट्टी आणायची, सगळ्या वायरी तिच्यात, टीव्हीपासून बोर्डापर्यंत सरळ एक रेघ.

बाबा म्हणाले, "वायर दिसली तर बिघडतं काय?"

बुधवार पेठेत बत्तीस वर्षं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलेल्या माणसाला वायरीचं काय वाटणार. आमचं लहानपण वायरींतच गेलं. जेवायला बसताना आधी ताटाखालची वायर उचलायची.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शेजारचे देव काका आले होते. त्यांच्या वडिलांचा जुना रेडिओ घेऊन, लाकडी पेटीचा. "अण्णा, बघता का जरा? घाई नाही." बाबांना सगळे अण्णा म्हणतात.

बाबांनी खोलीतल्या टेबलावर चादर घातली, पत्र्याची अवजारांची पेटी काढली. संध्याकाळभर तिथेच. डाव्या हाताने उजवं मनगट धरून तारेला सोल्डरचा डाग देत होते. मी दारातून पाहिलं. डाग बरोबर बसला.

माझं लग्न ठरताना सासरी सांगितलं होतं, "वडिलांचा इलेक्ट्रॉनिक्सचा व्यवसाय आहे." मीच सांगितलं होतं. बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "अगं, मला बढती मिळाली." आई हसली होती. मी नव्हते हसले. हे आज का आठवावं.

९ नोव्हेंबर, रविवार

लावला!

सासूबाई भजनी मंडळाला गेल्या होत्या, दोन ते पाच. तेवढ्यात उरकला. चार भोकं, त्यांत चार प्लास्टिकच्या गिट्ट्या, चार स्क्रू. ड्रिल लोण्यात गेल्यासारखं गेलं, जोर लावावाच लागला नाही. बाबा म्हणाले, "सहज जातंय तेच वाईट आहे." भोकांतून पांढरी पिठी पडत होती. ते चिमटीत घेऊन बघत होते.

मग म्हणाले, "वैजू, थांब. निदान आधी एक प्लायची फळी भिंतीला आठ-दहा लांब स्क्रूंनी धरू, मग फळीवर ब्रॅकेट. उद्या कोपऱ्यावरून फळी आणू. आण ते ड्रिल, मी..."

हात पुढे केला होता. तोच, थरथरणारा.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही बसा हो. तुम्हाला साधा कप धरवत नाही."

असं म्हणायचं नव्हतं. घामाने डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, पाच वाजत आले होते. त्यांनी हात मागे घेतला, खुर्चीवर बसले. मग टीव्ही उचलून अडकवताना मीच हाक मारली, तर लगेच उठून आले, खालची बाजू धरली.

पांढरी पट्टी मात्र अशी बसली आहे की वा. एकही वायर दिसत नाही.

सासूबाई आल्या, बघतच राहिल्या. "आला का कंपनीचा माणूस?"

मी म्हटलं, "झालं बाई एकदाचं."

हे काही खोटं नाही. पण खरंही नाही.

१०

अनिला फोटो पाठवला नाही. सासूबाईंनाही म्हटलं, फोनवर सांगू नका, गंमत करू. १५ ला आल्यावर बघेलच. तोवर पाच दिवस नीट टिकलेला असेल, मग काय बोलणार.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पडला.

सव्वासहाला. मी कणीक भिजवत होते. आधी एक कर्रर्र, मग सासूबाईंची किंकाळी. धावत गेले तर बाबा टीव्हीखाली गुडघ्यांवर, दोन्ही हातांनी तो धरलेला. सासूबाई खुर्चीत आक्रसून. त्यांनी मालिका बघायला टीव्ही स्वतःकडे ओढला होता. त्यासाठीच तर ती भुजा. भिंतीतून वरच्या दोन गिट्ट्या मुळासकट बाहेर, मुठीएवढे दोन खड्डे. पडद्यावर वरपासून खालपर्यंत चीर.

बाबा समोर पेपर वाचत बसले होते. पाच-सहा पावलांचं अंतर. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस कसा पोचला देव जाणे. नाहीतर तो सासूबाईंच्या मांडीवरच. टीव्हीचा कोपरा बाबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर आला. नख काळंनिळं.

सासूबाई एकच म्हणत होत्या, "हे धावले म्हणून गं. हे धावले म्हणून."

पुढचं लिहायचं आहे. लिहिते.

साडेसातला अनिचा व्हिडिओ कॉल आला. रोजच्यासारखा. सासूबाईंनी घेतला आणि रडत रडत सगळं सांगितलं. मग फोन माझ्याकडे आला. स्पीकर सुरूच होता. अनिचा चेहरा पांढराफटक. "आईला लागलं नाही ना? पण लावला होता कोणी? माणूस तर १८ ला येणार होता. वैजू, कोणी लावला होता?"

मी म्हटलं, "बाबांनी."

मी असं ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं. बाबा समोरच बसले होते, पाय गरम पाण्याच्या टबात. त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे. मला वाटलं आता बोलतील.

अनि म्हणाला, "काय? त्या हातांनी? तू ड्रिल दिलंसच कसं त्यांच्या हातात?"

बाबा तिथूनच म्हणाले, "अनिरुद्धराव, माझाच अंदाज चुकला. तिला नका बोलू."

आणि टबातलं पाणी बघत बसले.

१३

शाळेत तीन तास घेतले. काय शिकवलं आठवत नाही. 

बाबांना आज एकटं गाठून म्हणणार होते की मी... त्यांनी दार लोटून घेतलं होतं. आत रेडिओचं काम चाललं असावं असं धरून चालले. सोपं पडलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अनि आला. बाबांवर एक शब्द चढून बोलला नाही. तेच जास्त लागलं. खड्डे पाहिले, बाबांच्या पायाजवळ बसून अंगठा पाहिला, डॉक्टरकडे नेऊन आणलं. बाबांना म्हणाला, "जाऊ द्या हो. वस्तू आहे."

मग मला आत बोलावून हळू आवाजात, "त्यांना कळत नाहीये त्यांना काय जमतं आणि काय नाही. तू लक्ष ठेवायला हवं होतंस. उद्या गॅसपाशी काही केलं म्हणजे?"

मी मान हलवली. मान हलवली!

दुपारी बाबा झोपलेले असताना त्याने अवजारांची पेटी उचलून माळ्यावर टाकली. मी स्टूल धरलं होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

पंच्याहत्तरी झाली. मसालेभात, अळूची भाजी, जिलबी. सासूबाई जांभळ्या साडीत गोड दिसत होत्या. फोटो लॅपटॉपवरच पाहिले, सगळे एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत.

भिंतीवरचे खड्डे झाकायला मी कॅलेंडर लावलं होतं. अनिच्या मामांनी ते बाजूला सारून पाहिलंच. सगळं कळल्यावर बाबांकडे वळून म्हणाले, "अहो, बरं झालं तुमच्या काळी टीव्ही टेबलावर ठेवायचे. नाहीतर पुण्यात एक घर धड राहिलं नसतं!"

सगळे हसले. बाबाही हसले. म्हणाले, "खरंय. टेबलांनी लाज राखली."

मी जिलबीचं ताट घेऊन मधे उभी होते. पंचवीस माणसं. एक वाक्य बोलायचं होतं, चार शब्दांचं. "टीव्ही मी लावला होता." मी मामांना विचारलं, अजून एक वाढू का.

ते म्हणाले वाढ.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कंपनीचा माणूस काल यायचा होता, अनिने फोन करून नको सांगितलं. लावायला काही नाहीच.

आज देव काका आले. चप्पल दाराबाहेरच. "अण्णांना त्रास नको उगाच. तो रेडिओ... आमच्या पुतण्याच्या ओळखीत एक जण आहे." माझ्याकडे बघत नव्हते. अनिने सांगितलं असणार, खाली पार्किंगमध्ये.

बाबांनी रेडिओ स्वतः आणून दिला. पेटी पुसलेली, मागचा पुठ्ठा लावलेला. म्हणाले, "एक कंडेन्सर बदललाय. दुसरा आणायचा होता. पुढच्या माणसाला सांगा, डावीकडचा."

देव काका ओशाळून, "हो हो, सांगतो." 

दार लावल्यावर बाबा मला म्हणाले, "माझी पेटी कुठे दिसली का गं?"

माळ्यावर आहे म्हटलं. का, ते त्यांनी विचारलं नाही.

२१

रोज सकाळी उठताना वाटतं आज सांगायचं. चहा होईपर्यंत टिकतं.

सासूबाई बाबांशी नीट बोलत नाहीत. दुष्टपणा नाही त्यात, भीती आहे. ते त्यांच्या खुर्चीमागून गेले तरी दचकतात. ज्याने वाचवलं त्यालाच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

अनिने रात्रीच्या जेवणाच्या वेळी माहितीपत्रक काढलं. ज्येष्ठांसाठी निवास, लोणी काळभोरच्या पुढे. फोटोत हिरवळ, बाक, पांढऱ्या कपड्यांतली नर्स. मला आधी दाखवायला हवं होतं त्याने. की नको होतं? मी काय म्हणाले असते?

"बाबा, गैरसमज नको. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. आई आणि तुम्ही दोघंच घरात. परवाच्या प्रकारानंतर मला कामात लक्ष लागत नाही. तिथे चोवीस तास माणसं असतात. नुसतं बघून येऊ."

तो खरंच काळजीने बोलत होता. जे त्याला माहीत आहे त्यावरून बरोबरच बोलत होता. त्याला जे माहीत आहे ते मी सांगितलेलं आहे.

बाबांनी पत्रक डोळ्यांजवळ धरून शेवटपर्यंत वाचलं. कागद फडफडत होता. "छान आहे. झाडं बरीच दिसतायत." मग म्हणाले, "बघू. आधी घरी जाऊन येतो चार दिवस. थंडीचे कपडे आणायचेत."

"मी आणून देतो," अनि म्हणाला.

"नको. कुठे ठेवलेत ते मलाच माहीत."

२४ नोव्हेंबर, सोमवार

बाबा गेले. मी शाळेत असताना, रिक्षाने. सासूबाईंना नमस्कार करून गेले म्हणे. माळ्यावरची पेटी मागितली नाही.

संध्याकाळी फोन केला. "पोचलो. जिना सावकाश चढलो. ठेवतो, दूध उतू जाईल."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

चार दिवस झाले. परत कधी येणार विचारलं तर, "इथे बरं वाटतंय."

त्यांच्या खोलीतली चादर बदलायला गेले. टेबलावर डाग द्यायच्या तारेचा छोटा तुकडा पडला होता. बाकी खोली अशी आवरलेली, की जणू कुणी राहिलंच नव्हतं. 

बसूनच राहिले पलंगावर.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं.

अनि ऑफिसमधून आला, बूट काढत होता. मी म्हटलं, "टीव्ही मी लावला होता."

त्याला कळलंच नाही आधी. "म्हणजे बाबांना मदत केलीस?"

"नाही. मीच लावला. ते नको म्हणत होते. कॉलमवर लाव म्हणाले, फळी लाव म्हणाले. मी ऐकलं नाही. तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले."

एक बूट त्याच्या हातातच राहिला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मी त्यांना वृद्धाश्रमाचं पत्रक दाखवलं, वैजू."

"हो."

"तू समोर बसली होतीस. आमटी वाढत होतीस."

"हो."

"एवढी घाबरतेस मला?" 

घाबरत नाही, हेच तर. त्याने फार तर चार दिवस पाइपावरून टोमणे मारले असते. तेवढ्यासाठी. हे त्याला सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी स्वयंपाकघरात निघून गेले.

थोड्या वेळाने दारात येऊन म्हणाला, "आईला तू सांगायचंस. मी नाही."

२९

सासूबाईंना सांगितलं. देवपूजा झाल्यावर. त्यांनी शांतपणे ऐकलं. मला वाटलं होतं म्हणतील, असू दे, होतं असं.

म्हणाल्या, "टीव्ही पडल्यावर बारा दिवस ते या घरात होते. मी एकदाही त्यांना आपणहून चहा विचारला नाही. माझ्या अंगावर आलेला टीव्ही त्यांनी पायावर घेतला, आणि मी त्यांना बघून खुर्ची सरकवायची. ते पाप तू माझ्याकडून करवलंस."

मी निर्माल्य गोळा करू लागले.

"आता मी काय करू, ते तरी सांग."



३० नोव्हेंबर, रविवार

नारायण पेठेत गेले, सकाळी अकराला. कुलूप. समोरच्या काकू म्हणाल्या, "अण्णा ना? रोज जातात हल्ली शरदरावांच्या दुकानी. पाय दुखतोय तरी जातात."

शरदकाका म्हणजे बाबांचे दुकानशेजारी. बाबांचं दुकान जाऊन तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात, पण शरदकाकांचं अजून आहे. बुधवार पेठेत आतल्या गल्लीत, रिमोट, अडॅप्टर, वायरी, सगळं छतापासून टांगलेलं. रविवारची गर्दी. लांबूनच दिसले. बाबा आतल्या स्टुलावर, पायात चप्पल पण अंगठ्याला पट्टी. समोर एक बाई बिघडलेला स्पीकर घेऊन. बाबा बोटाने दाखवत होते, शरदकाका स्क्रू फिरवत होते.

मी पायरीवर उभी राहिले तसे शरदकाका ओरडले, "या या वैजूताई! काय गं, अण्णांनी तुझा टीव्ही पाडला म्हणे! बत्तीस वर्षांत आमच्याकडे कधी एक काच फुटली नाही यांच्या हातून, आणि लेकीकडे जाऊन..."

इथेही. बाबांनी इथेही तेच सांगितलं होतं. या गल्लीत, जिथे त्यांना सगळे ओळखतात. 

दुकानात पाच-सहा जण. बाबांनी माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली. नको, अशी.

मी म्हटलं, "काका, टीव्ही मी लावला होता. माझ्यामुळे पडला. बाबा नको म्हणत होते. मी त्यांचं नाव सांगितलं."

आवाज जास्तच मोठा आला असावा. स्पीकरवाल्या बाई वळून बघायला लागल्या. शरदकाकांचा स्क्रू ड्रायव्हर तसाच. कुणाला कुठे बघावं कळेना. एक माणूस म्हणाला, "मला जरा रिमोट..."

बाबा म्हणाले, "शरद, त्यांना रिमोट दे." मग उठले, चप्पल सारखी केली, लंगडत पायरी उतरले. "चल."

कोपऱ्यापर्यंत गेलो. ते सावकाश, मी त्यांच्या मागे. उसाच्या रसवाल्याशेजारी थांबले.

"हे तिथे बोलायची गरज नव्हती."

"होती."

"तुला होती," म्हणाले. मग रस्त्याकडे पाहिलं. दुचाक्या, हातगाड्या, दर्शनाला निघालेली माणसं.

"बाबा, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"काय बोलायचं? जावयासमोर मुलीला खोटं पाडायचं?" 

"पण शरदकाकांना तरी..."

"त्याने पायाचं विचारलं. एकदा सांगितलं ते सांगितलं." थांबले. "खोटं बोललीस त्याचं एवढं नाही गं. लहानपणीही बोलायचीस. पण तू माझं नाव घेतलंस आणि सगळ्यांना लगेच पटलं. कुणी विचारलंच नाही, की हे कसे काय असं लावतील. तुझ्या नवऱ्याने नाही, विहीणबाईंनी नाही, शेजारच्या देव काकांनी नाही. मी भिंत वाजवून सांगितलेलं कुणाला माहीत नव्हतं, पण मी बत्तीस वर्षं काय केलं ते तर माहीत होतं? मग मलाही वाटायला लागलं, मी लावला असता तरी पडलाच असता."

मी रडायला लागले. भर रस्त्यात, चव्वेचाळीसाव्या वर्षी. बाबांनी खिशातून रुमाल काढला, तो उलगडायला त्यांना वेळ लागला. मी मदत केली नाही. थांबले.

"घरी चला," म्हटलं.

"आत्ता नाही. ती बाई खोळंबली असेल."

आणि गेले परत दुकानाकडे. मी बसने आले.

२ डिसेंबर, मंगळवार

देव काकांकडे जाऊन सांगितलं. दारातच, बसा म्हणाले तरी बसले नाही. काकू चहाचे कप घेऊन उभ्याच राहिल्या. काका म्हणाले, "अरेरे." कोणासाठी, कळलं नाही. 

मामांना फोन करायचाय. त्यांचा नंबर दोनदा काढला.

अनि कामापुरतं बोलतो. भाजी काय, गाडीची चावी कुठे. काल भिंतीतल्या खड्ड्यांत त्याने सिमेंट भरलं. मी पाणी कालवून दिलं. पट्टी काढू का विचारलं, तर म्हणाला, "तुला हवी होती ना ती? राहू दे."

५ डिसेंबर, शुक्रवार

अनिने बाबांना फोन केला. आतल्या खोलीत, दार लावून. वीस मिनिटं. मी आणि सासूबाई बाहेर मटार सोलत होतो.

बाहेर आला तेव्हा डोळे लाल. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, तुम्ही तुमच्या आईची काळजी केलीत, त्यात काय चुकलं." खुर्चीत बसला. "मलाच समजावत होते."

"येणार आहेत का?"

"ते मी विचारलं नाही. तू विचारायचंस."

सासूबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या, "मला लावून द्या त्यांना फोन." मग घेतलाच नाही. म्हणाल्या, समोर आले की बोलेन.

७ डिसेंबर, रविवार

आज दुपारी फोन लावला. काय म्हणायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. कायमचं राहायला या असं म्हणायचं होतं, चार दिवसांचं नाही. आणि त्या रविवारी कपावरून जे बोलले त्याबद्दल. ते अजून कुणालाच सांगितलेलं नाही, फक्त त्यांना आणि मला माहीत आहे. खोट्याची माफी मागून झाली, त्याची नाही.

पाच-सहा वेळा वाजला. मग उचलला. मागे गल्लीतला गोंगाट.

"बोल."

मी म्हटलं, "बाबा, मला एक..."

"वैजू, समोर गिऱ्हाईक आहे. नंतर कर हं."

ठेवला. गिऱ्हाईक खरंच होतं की नाही, माहीत नाही. असावं. रविवार आहे, गर्दी असते.

संध्याकाळी परत लावते.